रांजणाखालची वाळू

बस मुली, आधी पाणपोईच्या सावलीत बस. अमरावतीची गाडी यायला अजून अवकाश आहे, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर या उन्हात बसणं म्हणजे तव्यावर बसणं. राग आला ना तुला? येऊ दे. तू लोट्यासाठी हात पुढे केलास, मी लोटा दिला नाही, उंचावरून पाणी ओतायला गेले. तू हात मागे घेतलास. तोंडानं काही बोलली नाहीस, पण डोळ्यांनी सगळं बोललीस. नाव सांगितलंस त्यावरून कळलंच की तूही आमच्यासारखी, धम्मदीक्षा घेतलेल्या घरची. आपल्याच माणसानं वरून पाणी ओतावं याचा राग यायलाच हवा. नसता आला तर मला वाईट वाटलं असतं.

कारण सांगते. पण आधी मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणशील उन्हानं म्हातारीचं डोकं फिरलंय. म्हातारी नाही मी, अजून नोकरीत आहे. इथल्या नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण आहे, इंदूबाई म्हणतात मला. पोरांना शिकवते की चिंचेवर हडळ नसते, अंगात देव येत नाही, आणि भूत म्हणशील तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इतकी वर्षं शिकवतेय आणि यापुढेही शिकवीन. आता जे सांगणार आहे ते मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. तू नर्सिंग शिकायला निघालीस, सुया-औषधं तुझ्या रोजच्या हातातली होणार, म्हणून तुला सांगते.

गोष्ट एकोणसाठ सालच्या मे महिन्यातली.

माझा नवरा गोवर्धन तेव्हा बिहारातून नुकताच परतला होता. गंगेवर मोठा पूल बांधत होते, तिथं लोखंडाला रिव्हेट मारायच्या कामावर तो गेला होता. गेला तेव्हा दाराच्या चौकटीत मावत नव्हता. आला तेव्हा मी ओळखलं नाही. हातपाय काटकुळे, रंग काळवंडलेला, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. पानथरी, म्हणजे प्लीहा, इतकी वाढली होती की डावीकडे बरगडीखाली हात ठेवला तर दगड लागायचा. दिवसातून दोनदा ताप चढायचा आणि उतरायचा. आणि भूक मात्र शाबूत! हे फार भयंकर होतं बघ. आजारी माणूस जेवत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. हा भाकरीवर भाकर खायचा आणि रोज वाळत जायचा. त्याचे थोरले भाऊ, डोमाजी, दारात बसून त्याच्या ताटाकडे बघायचे.

एकदा हळूच म्हणाले, "इंदूबाई, हा नाई जेवून राहिला. याच्या पोटात दुसरंच कोनी बसून जेवून राहिलं..."

"भाऊजी, असं नका बोलू."

"मंग इळा तापवतो. पोटाले डाग देऊ. आपल्या आज्यानं मले देला होता, तवाच मी वाचलो."

तापलेल्या विळ्यानं पोटावर डागणं हा आपल्याकडचा जुना इलाज, तू ऐकला असशील. मी विळा लपवून ठेवला आणि गोवर्धनला बैलांच्या दमणीत घालून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेला. डोमाजी कुरकुरत का होईना, दमणी त्यांनीच हाकली. जीव होता त्यांचा भावावर.

तिथं एक तरुण डॉक्टर होते, कलकत्त्याला शिकून आलेले. मलेरियाच्या गोळ्या झाल्यात का, विचारलं. म्हटलं, झाल्या, पिवळा पडेपर्यंत झाल्या. मग त्यांनी रक्त काढलं, ते निथळून वरचं पाणी वेगळं केलं, त्यात कसल्याशा औषधाचे दोन थेंब टाकले आणि नळी मला दाखवली. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती पांढरं असतं ना, तसं ते पाणी नळीत घट्ट होऊन बसलं. नळी उलटी केली तरी हललं नाही. माझ्या नवऱ्याच्या अंगात हे वाहतंय!

"हा काळा आजार," डॉक्टर म्हणाले. "इकडचा नाही, गंगेकाठचा. बारीक माशी चावते तिच्यातून होतो. याला एकच औषध आहे, युरिया स्टिबामाइन. आपण डोळ्यात सुरमा घालतो ना, त्या जातीच्या धातूपासून बनवतात. शिरेतून टोचायचं. इथं हा रोग नाही म्हणून औषधही नाही. पण अकोल्याच्या एका औषधवाल्यानं माझ्या सांगण्यावरून कलकत्त्याहून मागवलंय. आजच आलंय."

"मी जाऊन आणते."

"आणा. पण बाई, एक लक्षात ठेवा. ते थंड राहिलं पाहिजे. उन्हात तापलं तर ते औषध राहत नाही, विष होतं. मग मी टोचणार नाही. आणि दुसरं मागवून येईपर्यंत..." त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

तेवढं पुरे होतं. डोमाजींना खाटेजवळ बसवलं, ऊन लागू नये म्हणून पदराला कांदा बांधला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला निघाले. बाजारातून मीठ-मिरची आणायला जावं तसंच वाटत होतं मला. जायचं, घ्यायचं, यायचं.

औषधवाला भला माणूस. त्यानं छोट्या पत्र्याच्या पेटीत कापूस घालून त्या काचेच्या कुप्या मांडून दिल्या. आत फिकट तपकिरी भुकटी, विभूतीसारखी बारीक. पेटी एका मोठ्या डब्यात ठेवली, भोवती बर्फ आणि लाकडाचा भुसा भरला. मी डबा डोक्यावर घेऊन स्टेशनवर पोचले, तर गाडीचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाशी दिसेनासा होत होता.

पुढची गाडी तिसऱ्या प्रहरी. फलाटावरचं टिनाचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. डब्याच्या बुडातून पाणी ठिबकायला लागलं, आणि ते थेंब फरशीवर पडायच्या आत सुकत होते. मी परत बाजाराकडे धावले. औषधवाल्याची फळी लागलेली. सोड्याच्या दुकानाला कुलूप. अकोल्याचं मे महिन्यातलं बारा वाजताचं ऊन तू पाहिलं नसशील तर सांगून कळायचं नाही. सगळं शहर दारं लावून निपचित पडतं. कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी झाकण उघडून बोट घातलं. बर्फ संपला होता, नुसतं कोमट पाणी आणि भुसा.

मला रडू कोसळलं. रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडले. लाज कसली, बघायला होतंच कोण!

स्टेशनामागून एक गाडीवाट भाजीच्या वाड्यांकडे जाते. दोन्हीकडे काट्याचं कुंपण, त्याला सरत्या हंगामाच्या कापसाचे पुंजके अडकलेले. पलीकडे कडुनिंबं दिसत होती, म्हणून सावलीच्या आशेनं मी तिकडे वळले. थोडं चालले असेन. मग वारा थांबला. इतका वेळ कानाशी हूंहूं करणारी ती गरम झळ एकदम बंद झाली. कापसाचे पुंजके हलेनात. माझी सावली माझ्या पायाखाली गोळा होऊन बसली होती. आणि कुठूनसा वास आला, वाळ्याचा आणि ओल्या वाळूचा. आधी वास आला, पाणपोई नंतर दिसली.

बांबूच्या तट्ट्यांची खोपी होती, निंबाखाली. आत ओल्या वाळूत बसवलेला एक रांजण, त्यावर लाल फडकं. बाजूला एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, पदर इतका पुढे ओढलेला की हनुवटी तेवढी दिसत होती.

"पानी पे, माय," ती म्हणाली. आवाज अगदी हळू, घरात कोणी झोपलेलं असावं तसा.

मी लोट्यासाठी हात पुढे केला, मघाशी तू केलास तसा. तिनं लोटा उंच उचलला. ओंजळ धर, अशी हनुवटीनं खूण केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी याच वऱ्हाडात असल्या कितीतरी पाणपोयांवर मी ओंजळ धरलेली होती. कोणी बांबूच्या नळीतून ओतायचं, कोणी तोंड फिरवून. दीक्षा घेतली तेव्हा मनाशी ठरवलं होतं, आता पुन्हा ओंजळ धरायची नाही.

"बाई," मी म्हटलं, "आमीबी मानसंच आहो. लोटा हातात देला तं का झिजून जाईन?"

"झिजत नाई माय... पन मी हातात नाई देत. कोनालेच नाई देत."

"कोनालेच नाई म्हनजे आमाले नाई. समजते मले."

तिनं लोटा खाली घेतला. मी पाणी प्यायले नाही. खोपीच्या कडेला सावलीत डबा मांडीवर घेऊन बसले, तोंड दुसरीकडे करून. मागून तिचा आवाज आला.

"त्या डब्यात का हाय वं?"

"औषध. माह्या मालकाचं."

"पोट फुगलं हाय त्याचं?"

मी वळून पाहिलं.

"भाकर खाते... अन् वाळते?"

माझ्या अंगावर काटा आला, त्या उन्हात. "तुमाले कसं ठाऊक?"

"माह्या पोराचं तसंच होतं," ती म्हणाली. "बंगालकडे गेला होता, रेल्वेच्या कामावर. त्याच्या बाटल्या आल्या, पन येता येता उन्हात तापल्या. डाक्टरनं हातात धरल्या, पायल्या, अन् बाजूले ठिवून देल्या. दुसऱ्या येईपर्यंत पोरगा..." तिनं लोटा वाळूवर तिरपा केला. पाणी पडलं, पण पाणी पडल्याचा आवाज काही माझ्या कानावर आला नाही. "आन इकडे ते. ठेव इथी, वाळूत."

रांजणाच्या बुडाशी तिनं हातानं वाळू उकरली. कोपरापर्यंत हात आत गेला. पेटी बसेल एवढा चौकोनी खड्डा झाला, कडा अगदी नीट.

"तूच ठेव," ती म्हणाली. "माहा हात नको लागाले."

तेव्हाही मला तेच वाटलं. म्हटलं, आमच्या पेटीलाही हात लावायचा नाही हिला! पण गोवर्धनचा जीव त्या पेटीत होता. मी राग गिळला, पेटी खड्ड्यात ठेवली. तिनं वरून वाळू लोटली आणि लोट्यानं पाणी शिंपायला लागली.

किती वेळ बसलो, सांगता येत नाही. तट्ट्यातून उन्हाची एक तिरीप माझ्या अंगठ्यावर पडली होती. ती तिथंच राहिली. ती बाई शिंपतच होती, लोट्यावर लोटे, आणि एकदाही पाणी आणायला उठली नाही. मी मान उंचावून रांजणात पाहिलं. काठोकाठ भरलेला. मी मास्तरीण, मी मनाशी म्हटलं, ऊन लागलंय तुला इंदूबाई, घशाला कोरड पडली की असले भास होतात. मग मी उठले आणि तिच्यापुढं ओंजळ धरली. जीव गेल्यावर मान काय कामाचा? तिनं उंचावरून धार सोडली. पाणी असं थंड की दातात कळ गेली.

तेवढ्यात लांब गाडीची शिट्टी वाजली.

"काढ," ती म्हणाली. "आता नाई तापत ते."

मी वाळूत हात घातला. पेटी इतकी गार झाली होती की बोटं भाजल्यासारखी झाली. ती छातीशी धरली आणि मला काय झालं सांगू, मुली, राग, अपमान सगळं वाहून गेलं. गोवर्धन वाचला, हे मला त्या क्षणी कळलं. या बाईनं वाचवला. हिला काय द्यावं? आमच्यात पाया पडणं नाही, देवाला नारळ नाही. माणसाचे उपकार फेडायचे तर माणसाचा हात धरायचा, एवढंच मला ठाऊक. आणि खरं सांगते, थोडा हट्टही होता, की हिनं नाही म्हटलं तरी हिचा हात मी धरणारच. मी पुढे झाले आणि लोटा धरलेला तिचा हात माझ्या उजव्या हातात घट्ट धरला.

तो हात माणसाचा नव्हता असं मी म्हणणार नाही. पाच बोटं होती, बांगड्या होत्या, तळव्याला घट्टे होते. पण रांजणाच्या बुडाला पहाटे हात लावून बघ कधी. तसा होता तो. आतपर्यंत.

"काहून धरला वं माय..." ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "काहून धरला... आता तुलेबी वरूनच ओता लागन..."

शिट्टी पुन्हा वाजली. मी धावले. वळून पाहिलं तेव्हा वारा पुन्हा सुटला होता, धुळीत निंबं तेवढी दिसत होती.

गाडीच्या डब्यात माणसं घामानं निथळत होती. शेजारच्या बाईचं तान्हं रडून रडून लाल झालेलं. ते सरकत सरकत माझ्या मांडीवरच्या पेटीला गाल लावून झोपी गेलं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, अमरावतीचा दवाखाना आला, पेटी तशीच गार. डॉक्टरांनी उघडली, कुपी हातात घेतली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"बर्फ कुठं आहे बाई?"

"बर्फ अकोल्यातच संपला."

त्यांनी पेटीच्या कोपऱ्यातली ओली वाळू बोटानं उचलली, चोळून पाहिली. विचारलं मात्र काही नाही. शहाणा माणूस. कुपी फोडली, पाणी घालून भुकटी विरघळवली, उजेडात धरून पाहिली, मान हलवली, आणि गोवर्धनच्या शिरेत हळूहळू, अगदी हळूहळू सुई रिकामी केली.

त्या औषधाचे उपकार मी कसे सांगू! एक दिवसाआड सुई व्हायची. आधी संध्याकाळचा ताप चुकला, मग सकाळचा. डोमाजी रोज खाटेजवळ येऊन भावाच्या पोटाकडे बघत, आणि एक दिवस म्हणाले, "इंदूबाई, पोट बसून राहिलं वं!" आणि तिथंच धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडायला लागले. ज्यांनी ते औषध शोधलं, ज्यांनी ते कुपीत भरलं, ज्यांनी ते इतक्या लांबून पाठवलं, त्या एकाही माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण आजही अकोल्याकडून येणारी गाडी दिसली की माझे डोळे भरतात.

आणि माझा हात. तो त्या दिवसापासून गार तो गारच. उजवा तळवा. गोवर्धनच्या तापल्या पोटावर मी ठेवायची, तेव्हा तो डोळे मिटून म्हणायचा, "लय थंड लागते वं तुहा हात. ठेव तसाच." मी ठेवायची. मला वाटायचं, उतरेल.

गोवर्धन उठून बसायला लागला तेव्हा मी नवं लुगडं घेऊन पुन्हा अकोल्याला गेले. सकाळची वेळ. वाट सापडली, निंबं सापडली. खोपी नव्हती. दोन वाकलेले खांब, रांजणाचं फुटकं बूड, आणि कोरडी वाळू. बाजूच्या वाडीत एक माळी वांग्यांना पाणी देत होता. पुंजाराम त्याचं नाव.

"दादा, इथली पाणपोईवाली बाई?"

"मनकर्णाबाई? तिले जाऊन दोन उन्हाळे झाले, माय. पोराच्या नावानं पाणपोई घातली होती तिनं. अशीच रांजणाजवळ बसून होती, हात वाळूत. आमाले वाटलं झोपली."

मी खांबाला धरून उभी राहिले. "मले एक सांगा. ते बाई पानी वरूनच ओते का?"

"वरूनच. समद्याइले. पाटील येवो का कोनी येवो." पुंजारामनं मोटेचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. "पोरगा तापानं फणफणे, तवा हे रातदिवस ओली वाळू हातात घेऊन त्याच्या कपाळावर ठेवे. तवा तिचा हात जो थंड झाला, तो झालाच. कोनाले लागू नाई म्हून वरून ओते. लोकाइले वाटे, विटाळ पाळते. मले ठाऊक होतं नं."

मुली, माझा राग खोटा नव्हता. त्या काळात दहातले नऊ जण त्याच कारणासाठी वरून ओतत होते. माझ्या नशिबी दहावी आली, आणि मला ती ओळखता आली नाही.

मी खाली वाकून पाहिलं. सगळी वाळू कोरडी भुरभुरीत. फक्त रांजणाच्या बुडाशी एक चौकोनी खड्डा. कडा नीट. आत ओल.

"पिंड दे तिच्या नावानं," पुंजाराम म्हणाला. "कावळ्याले घास टाक. मागं कोनी नाई तिचं."

"आमाले पिंड नाई चालत दादा. सोडलं आमी ते."

"मंग का करशीन?"

खरंच, काय करणार होते मी? श्राद्ध सोडलेल्या माणसानं मेलेल्याचे उपकार फेडायचे कसे? मी नवं लुगडं जमिनीवर पसरलं, त्या खड्ड्यातली ओली वाळू त्यात भरली आणि घरी आणली.

ती वाळू इथं आहे, या रांजणाखाली. गोवर्धननं स्वतः खड्डा खणला, पानथरी पुरती उतरलीसुद्धा नव्हती तेव्हा. तेव्हापासून दर चैत्रात ही पाणपोई लागते. तो लोको शेडमध्ये कामाला जायच्या आधी रांजण भरून जातो. पाटीवर मनकर्णाबाईचं नाव आहे, तू वाचलं असशील. लोक विचारतात, कोण लागत होती तुमची? मी सांगते, हिच्यामुळं माझं कुंकू... हे बघ, जुनी सवय, बोलून गेले. हिच्यामुळं माझा नवरा आहे.

हाताचं म्हणशील तर तो उतरला नाही. आधी तळवा होता, मग मनगट झालं. आता कोपरापर्यंत आलंय. डॉक्टरांना दाखवलं, पण हात लावू दिला नाही; डाव्या मनगटाची नाडी बघून ते म्हणाले, नाडी ठीक आहे, रक्त ठीक आहे. शाळेतली पोरं छडीपेक्षा माझ्या हाताला भितात. गोवर्धन मात्र रोज तो हात उशाशी घेऊन झोपतो. त्याला काही होत नाही. का होत नाही ते मला ठाऊक नाही, आणि दुसऱ्या कोणावर मी ते आजमावून बघणार नाही. म्हणून वरून ओतते. पाटील असो, की तुझ्यासारखी आपली लेक असो.

भिते का? नाही. भीती वाटावी असं तिनं माझं काय केलंय? तिनं मला माझा माणूस परत दिला. आणि हे बघ, दर वर्षी कडक ऊन पडलं की एखाद्या सकाळी रांजणाच्या बुडाशी एक खड्डा दिसतो. चौकोनी, कडा नीट, आत ओल. पहिल्या वर्षी मी घाबरून बुजवायला गेले तर गोवर्धननं मला अडवलं. म्हणाला, "बुजू नको वं. कोनाचं तरी औषध असन." तेव्हापासून आम्ही बुजवत नाही. सकाळी दिसला की संध्याकाळपर्यंत मन हलकं असतं माझं. कोणीतरी कुठंतरी वाचतंय, असं वाटतं.

आज सकाळीही दिसला. तो बघ, तुझ्या पायाशी. नको, वाकू नकोस, बसल्या जागेवरून बघ. पेटीचा तो डावीकडचा. त्याच्या बाजूचा दुसरा यंदाच पडलाय. लांबट आहे. कोणीतरी शेजारी बसून हात वाळूत घालून ठेवावा ना, तसा. बोटं दिसतात. कोपरापर्यंत आहे.

गोवर्धनला अजून दाखवला नाही. माझा हात त्यात घालूनही पाहिलेला नाही.

ऐक, शिट्टी झाली तुझ्या गाडीची. जाण्याआधी पाणी पिऊन जा. धर ओंजळ, मी ओततेय. हात मात्र लावू नकोस.